तीन ट्यूबचा जुना सीआरटी प्रोजेक्टर घरी दुरुस्त करताना आणि जुळवताना

सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या प्रोजेक्टरवर रात्रीचं दृश्य आलं की खोली खरोखर अंधारी होते. एलसीडी किंवा डीएलपी प्रोजेक्टरमध्ये दिवा सतत पेटलेला असतो आणि काळ्या भागात त्याचा प्रकाश फक्त अडवला जातो. थोडा तरी झिरपतोच, म्हणून काळ्याच्या जागी करडं दिसतं. सीआरटीमध्ये दिवाच नसतो. चित्रात जिथे काळं आहे तिथे इलेक्ट्रॉनचा झोत बंद, फॉस्फर (झोत पडला की उजळणारा ट्यूबच्या काचेवरचा थर) उजळत नाही, पडद्यावर काहीच पोचत नाही. हा काळा रंग आणि फरफट नसलेली हालचाल, या दोन गुणांमुळे वैमानिकांच्या सिम्युलेटरांत हे प्रोजेक्टर बाकी सगळीकडून गेल्यावरही बरीच वर्षं टिकून राहिले.

कंपन्यांच्या ट्रेनिंग रूम, हॉटेलांचे हॉल, कॉलेजांची सभागृहं, जुने व्हिडिओ हॉल अशा ठिकाणच्या छतांवरून उतरवलेली ही यंत्रं भंगाराच्या भावात मिळतात. बहुतेक जण चालू करून पाहतात, तीन रंगांची तीन भुतं पडद्यावर दिसतात, आणि यंत्र बिघडलंय असं समजून सोडून देतात. पुष्कळदा ते बिघडलेलं नसतं, फक्त जुळवलेलं नसतं.

ज्यांना मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आयर्न हाताळता येतं पण प्रोजेक्टर कधी उघडला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोल्डरिंग येत नसेल तर बोर्डांचं काम जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हात बसलेल्या मेकॅनिककडे द्या. जुळवणी मात्र धीर असलेल्या कुणालाही जमते.

या कामात सगळ्यात जास्त जपायचा तो क्रम. आधी ट्यूब, मग वीजपुरवठा, मग भिंगं आणि फोकस, मग हिरव्याची भूमिती (चित्राचा आकार आणि रेघांचा सरळपणा), मग लाल-निळ्याची जुळवणी, आणि शेवटी रंग. मागची पायरी हलवली की पुढच्या सगळ्या पुन्हा कराव्या लागतात. कन्व्हर्जन्सवर, म्हणजे तिन्ही रंग एकमेकांवर बसवण्यावर, संध्याकाळ घालवून मग फोकसचं चुंबक फिरवलं, तर ती संध्याकाळ गेली म्हणून समजा.

आत काय असतं

लाल, हिरवी, निळी अशा तीन वेगळ्या ट्यूब. प्रत्येक ट्यूब एकरंगी, म्हणजे खरं तर एका रंगाचा छोटा पण अतिशय प्रखर टीव्ही. तिच्या तोंडाचं माप ७, ८ किंवा ९ इंच. सोनीच्या व्हीपीएच मालिकेतली बरीच यंत्रं ७ इंची. कॅनडातल्या इलेक्ट्रोहोम कंपनीचं मार्की ८५०० आणि एनईसीची एक्सजी मालिका ८ इंची. सोनी जी९० आणि मार्की ९५०० ही ९ इंची. बेल्जियमच्या बार्कोची यंत्रं तिन्ही मापांत मिळतात. माप मोठं तितकी किंमत, वजन आणि बारकावा जास्त.

ट्यूबच्या मानेवर मागच्या टोकाला नेक बोर्ड (ट्यूबला सिग्नल देणारा छोटा बोर्ड), त्याच्या पुढे फोकसची कॉइल आणि चुंबकं, मग योक (झोत आडवा-उभा वळवणारी कॉइल). तोंडावर बहुतेक यंत्रांत द्रवाची एक कुपी असते आणि त्यापुढे भिंग. हे द्रव म्हणजे ग्लायकॉलचं मिश्रण. ते ट्यूब थंड ठेवतं आणि काही यंत्रांत काच व भिंग यांच्यातली हवेची फट भरून प्रकाशाची उधळण कमी करतं.

नवख्यांना दिलासा देणारी एक गोष्ट इथे आहे. या यंत्रात तीन सारख्या वाटा असतात. लाल नीट चालतोय आणि निळा नाही, तर लाल वाटेवरचं व्होल्टेज हाच तुमचा नमुना. सर्किट डायग्राम नसला तरी दोन वाटांवर त्याच त्या ठिकाणी मल्टीमीटर लावून फरक शोधता येतो. पार्ट नंबर एकच असेल तर नेक बोर्ड आपसांत बदलून पाहता येतात: दोष बोर्डाबरोबर सरकला तर बोर्ड खराब, जागीच राहिला तर ट्यूब किंवा मागचं सर्किट.

विकत घेण्याआधी ट्यूब पाहा

या ट्यूब आता कुणी नव्याने बनवत नाही. मिळतील त्या जुन्या साठ्यातल्या किंवा दुसऱ्या यंत्रातून काढलेल्या. म्हणून बोर्ड जळालेला, पंखे बंद, कव्हर फुटलेलं यंत्र मी आनंदाने घेईन, पण ट्यूब संपलेलं यंत्र चकचकीत असलं तरी घेणार नाही.

यंत्र बंद असताना भिंगातून टॉर्चचा प्रकाश आत टाका आणि फॉस्फरकडे पाहा. चांगल्या ट्यूबचा थर कडेपासून कडेपर्यंत एकसारखा दिसतो. वापरलेल्या ट्यूबवर जिथे चित्र पडत होतं तेवढा चौकोन किंचित गडद दिसतो. हलका असेल तर चालेल. चौकोनाची कड पेन्सिलने आखल्यासारखी स्पष्ट असेल, किंवा आत संगणकाच्या मेनूची अक्षरं कोरलेली दिसत असतील, तर ती प्रत्येक चित्रात दिसणार. हिरवी आणि निळी ट्यूब आधी पाहा, लाल सहसा सर्वात शेवटी झिजते. काही यंत्रांत तासांचा मीटर असतो. तो बघा, पण त्यावरच विसंबू नका, कारण मधल्या काळात ट्यूब किंवा कंट्रोल बोर्ड बदललेला असू शकतो.

ट्यूबनंतर रिमोट. बऱ्याच मॉडेलांत जुळवणीचे मेनू रिमोटशिवाय उघडतच नाहीत. सर्व्हिस मॅन्युअल मिळतंय का तेही आधी शोधून ठेवा. आणि उचलायला माणसं न्या. साधं यंत्रही ५० किलोच्या पुढे जातं, ९ इंची तर १०० किलोच्या घरात. नेताना आडवंच ठेवा आणि भिंगाला धरून कधीही उचलू नका.

जिवाचा प्रश्न

हा भाग वाचल्याशिवाय स्क्रू काढू नका.

मोठ्या यंत्रांत ट्यूबच्या हाय व्होल्टेजच्या टोकाला, म्हणजे अ‍ॅनोडला ३० हजार व्होल्टच्याही वर वीज असते. प्लग काढल्यावरही ट्यूब आणि ईएचटीचा (हाय व्होल्टेज बनवणारा) भाग हा साठा धरून राहतात. दुसरा धोका जास्त फसवा: एसएमपीएसच्या (स्विचिंग वीजपुरवठ्याच्या) मुख्य कपॅसिटरवर २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि हा झटका हातातून छातीकडे जायला पुरेसा असतो.

प्लग भिंतीतून काढून नजरेसमोर ठेवा आणि अर्धा तास थांबा. मुख्य कपॅसिटर २.२ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून दहा-पंधरा सेकंद डिस्चार्ज करा आणि मल्टीमीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करू नका, त्यात कपॅसिटर आणि ट्रॅक दोन्ही जातात. प्रोजेक्शन ट्यूबची अ‍ॅनोड वायर बहुधा काचेलाच कायमची बसवलेली असते आणि तिचं दुसरं टोक हाय व्होल्टेज तिन्ही ट्यूबना वाटणाऱ्या एचव्ही स्प्लिटर नावाच्या ठोकळ्यात खोचलेलं असतं. जाड इन्सुलेशनच्या स्क्रूड्रायव्हरला क्लिपची वायर लावा, वायरचं दुसरं टोक आधी चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) घट्ट जोडा, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक अ‍ॅनोडच्या धातूला टेकवा. काही मिनिटांनी हेच पुन्हा करा, कारण काचेतला चार्ज हळूहळू परत वर येतो.

चालू यंत्रात मोजमाप करावंच लागलं तर एक हात खिशात, पायाखाली कोरडी रबरी चटई, बोटातली अंगठी आणि मनगटातलं कडं काढलेलं. घरात दुसरं माणूस जागं हवं आणि मेन स्विच कुठे आहे हे त्याला ठाऊक हवं.

एवढ्या व्होल्टेजला ट्यूबमध्ये क्ष-किरण तयार होतात. शिशाची काच आणि धातूची कवचं ते अडवतात, म्हणून ट्यूबभोवतीचं एकही कवच काढून यंत्र चालवू नका. हाय व्होल्टेजचा प्रीसेट उजेड वाढवण्यासाठी फिरवू नका आणि वारंवार बंद पाडणारं प्रोटेक्शन सर्किट बायपास करू नका. ते सर्किट बहुतेक वेळा खरं सांगत असतं.

आणि ट्यूबची मान. नेक बोर्ड ओढताना तो वाकडा झाला तर मान तडकते, आत हवा शिरते, ट्यूब गेली. बोर्ड सरळ मागे, हलक्या हाताने, डोळ्यांवर गॉगल लावून काढा.

पहिल्यांदा वीज देताना

आधी धूळ. वर्षानुवर्षं छताला असलेल्या यंत्रात धुळीचा जाड थर असतो. मऊ ब्रश आणि ब्लोअरने ती काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते हवेने वेड्यासारखं फिरून बेअरिंग जातं. एचव्ही स्प्लिटर आणि अ‍ॅनोडच्या वायरी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात यंत्र आणलं असेल तर दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत कव्हर उघडून ठेवा. ओल धरलेल्या धुळीतून हाय व्होल्टेज टकटक आवाज करत चासीकडे उडी मारतं.

मग सगळ्या बोर्डांवरून नजर फिरवा. डोकं फुगलेले किंवा बुडाशी तेलकट डाग असलेले कपॅसिटर, काळे पडलेले रेझिस्टर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. काही यंत्रांत जुळवणीची मेमरी बॅटरीवर टिकते. जुनी बॅटरी गळली असेल तर तिचं रसायन ट्रॅक खाऊन टाकतं, ती आधी काढा. काढण्यापूर्वी यंत्र चालू होत असेल तर सेटिंगचं प्रत्येक पान मोबाइलवर टिपून ठेवा.

वीज पहिल्यांदा सिरीज बल्बमधून (यंत्राच्या मेन लाइनमध्ये मालिकेत जोडलेल्या बल्बमधून) द्या, २०० वॅटचा पिवळा बल्ब बरा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे: ब्रिज रेक्टिफायर, एसएमपीएसचा मुख्य ट्रान्झिस्टर, हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (झोत आडवा फिरवणारा), या क्रमाने तपासा. सिरीज बल्बवर यंत्र पूर्ण चालणार नाही, तो फक्त पहिल्या परीक्षेसाठी. नंतर थेट वीज द्यायची तर फ्यूज छापलेल्या आकड्याचाच घाला.

पहिल्या चालू करण्याआधी कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस शक्य असेल तितके खाली आणा आणि नजर पडद्यावर ठेवा. आडवी किंवा उभी एकच झगझगीत रेघ दिसली, तर त्या क्षणी बंद करा. एका दिशेचा स्वीप (झोताची धाव) गेला की सगळा झोत एका रेघेवर येतो आणि काही सेकंदांत फॉस्फरवर कायमचा चरा पडतो. चांगल्या यंत्रांत याविरुद्ध संरक्षण असतं, पण जुन्या यंत्रात त्यावर भरवसा ठेवू नका.

नेहमी सापडणारे बिघाड

सर्वात जास्त सापडतं ते ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला सोल्डरचा जोड. जिथे उष्णता आणि वजन दोन्ही आहेत तिथे ते आधी होतं: योकचे कनेक्टर, हॉरिझॉन्टल आउटपुटचे पाय, रेग्युलेटर, ट्रान्सफॉर्मरचे पाय. हातातल्या भिंगाखाली पाहिलं की पायाभोवती बारीक काळं वर्तुळ दिसतं. नुसतं तापवून सोडू नका. जुनं टिन पंपाने ओढून घ्या आणि नवीन घाला.

यानंतर कपॅसिटर. एसएमपीएस आणि डिफ्लेक्शन (झोत वळवणाऱ्या) बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक बदलताना १०५ अंशांचे, लो-ईएसआर घ्या. व्होल्टेज मूळ किंवा त्याहून जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच. चित्रात आडव्या सरकत्या पट्ट्या, थंडीत सुरू व्हायला वेळ, थोड्या वेळाने चित्र आक्रसणं ही बहुधा त्यांचीच लक्षणं.

एक रंग पूर्ण गायब असेल तर अंधारात त्या ट्यूबच्या मानेत हीटरचा नारिंगी उजेड दिसतोय का पाहा. उजेड असेल तर नेक बोर्डवरचा व्हिडिओ आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा जी२ चं (झोताची तीव्रता ठरवणाऱ्या ग्रिडचं) व्होल्टेज तपासा. एक रंग विचित्र वाकलेला आणि कन्व्हर्जन्सला दाद न देणारा असेल तर कन्व्हर्जन्स अ‍ॅम्प्लिफायर पाहा. मोठ्या बॅक-प्रोजेक्शन टीव्हींतही हेच तंत्र होतं. तिथे बऱ्याच मॉडेलांत एसटीके३९२-११० ही आयसी असे आणि तीच सर्वात जास्त जात असे. तुमच्याकडे तसा टीव्ही असेल तर आयसीबरोबर शेजारचे कमी ओहमचे रेझिस्टरही मोजा. बाजारात नकली एसटीके फार आहेत, ओळखीच्या दुकानातून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली या दोन ठिकाणी साधे भाग सहज मिळतात. यंत्राचे खास बोर्ड मात्र त्याच मॉडेलचं दुसरं मृत यंत्र शोधूनच मिळतात. जागा असेल तर असं एक यंत्र सुट्या भागांसाठी ठेवून द्या.

ग्लायकॉल

भिंगातून पाहताना द्रवात कापसासारखे तंतू किंवा पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. प्रखर वस्तूंभोवती धुकट वलय दिसतं ते यामुळेच. द्रव पिवळट झालं असेल तर निळ्याचा उजेड आणि शुद्धता दोन्ही घटतात.

बदलायचं तर ट्यूब यंत्रातून काढून, तोंड वर करून, टेबलावर घट्ट टेकवून ठेवा. कुपीच्या कडेचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. द्रव काढून काच डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मऊ कापडाने पुसा, गॅस्केट नवीन घाला. भरायला शुद्ध इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरिनचं मिश्रण लागतं, प्रमाण मॅन्युअलमध्ये पाहा. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट चालत नाही, त्यात रंग आणि इतर रसायनं असतात. भरताना बुडबुडे राहू देऊ नका आणि स्क्रू परत समोरासमोरचे, सारख्या ताणाने आवळा. काही यंत्रांत लाल आणि हिरव्या ट्यूबच्या पुढच्या काचेला रंगछटा दिलेली असते, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर घातक. घरात लहान मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर काम बंद दाराआड करा आणि सांडलेला थेंबही पुसून टाका.

जागा आणि पडदा

बहुतेक सीआरटी प्रोजेक्टरांना झूम नसतं. पडद्याची रुंदी ठरली की अंतर ठरलं, साधारण रुंदीच्या सव्वा ते दीड पट. नेमका आकडा मॅन्युअलच्या तक्त्यातून घ्या आणि इंचापर्यंत पाळा. हिरवी ट्यूब मध्ये असते, तिचं भिंग पडद्याच्या मध्यरेषेवर हवं. लाल आणि निळ्या ट्यूबचा आतला कल पडद्याच्या मापाप्रमाणे बदलावा लागतो, त्यासाठी खाचा किंवा पाचर दिलेली असते.

७ इंची यंत्राला सहा-सात फूट रुंद पडदा पुरे. उजेड कमी असतो, तो ताणू नका. चकाकणारा हाय-गेन (प्रकाश जास्त परत फेकणारा) पडदा घेण्याचा मोह होईल, पण तो टाळा. तिन्ही रंग तीन वेगळ्या कोनांतून येतात आणि असा पडदा प्रत्येक कोन वेगळा परावर्तित करतो, त्यामुळे एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला निळसर झाक दिसते. साधा मॅट पांढरा, गेन १ ते १.३ एवढाच. भिंती आणि छत गडद रंगवता आले तर काळ्यासाठी केलेली सगळी मेहनत दिसेल.

वीज स्थिर असावी. गावाकडे व्होल्टेज खालीवर होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावा, नाहीतर चित्राचं माप आणि कन्व्हर्जन्स दोन्ही डोलतात.

सिग्नलसाठी यंत्राच्या मागे सहसा पाच बीएनसी सॉकेट असतात: लाल, हिरवा, निळा आणि दोन सिंक (रेघ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारे सिग्नल). संगणकाच्या एचडीएमआयमधून व्हीजीए कन्व्हर्टर आणि व्हीजीए ते पाच बीएनसी केबल एवढ्यावर काम होतं. यंत्राची आडवी स्कॅन मर्यादा, म्हणजे सेकंदाला किती रेघा काढता येतात, ती आधी पाहा. फक्त व्हिडिओसाठी बनवलेली जुनी यंत्रं १५.६२५ किलोहर्ट्‌झलाच थांबतात. ५७६पीला ३१.२५, ६० हर्ट्‌झच्या १०८०आयला ३३.७५, ७२०पीला ४५ आणि ६० हर्ट्‌झच्या १०८०पीला ६७.५ किलोहर्ट्‌झ लागतात. मर्यादेबाहेरचा सिग्नल देऊन हॉरिझॉन्टल आउटपुटवर प्रयोग करू नका. मर्यादेत बसतं म्हणून सर्वात मोठा आकडा निवडणंही बरोबर नाही. झोताच्या ठिपक्याला ठरावीक जाडी असते; ७ इंची ट्यूबवर रेघा फार झाल्या की त्या एकमेकींवर चढतात आणि चित्र मऊ पडतं. रेघा एकमेकींना जेमतेम टेकतात तो सिग्नल त्या यंत्रासाठी योग्य.

फोकस

यंत्र किमान पाऊण तास चालू ठेवून तापू द्या. थंड यंत्रावर केलेली जुळवणी तासाभरात सरकते. तापवताना हलतं चित्र लावा, स्थिर पॅटर्न नको.

फक्त हिरवी ट्यूब चालू ठेवा आणि आधी रास्टर (झोताने काढलेला उजळ चौकोन) ट्यूबच्या मध्यावर आणा. कॉन्ट्रास्ट अगदी खाली आणून भिंगातून आत पाहिलं की काचेवरचा उजळ चौकोन दिसतो. चारही कडांना सारखी मोकळी जागा सुटायला हवी. हे मानेवरच्या सेंटरिंगच्या कड्यांनी करा, मेनूतल्या शिफ्टने नाही. चौकोन तिरपा असेल तर यंत्र बंद करून, डिस्चार्ज करून, योकचा क्लॅम्प ढिला करून योक फिरवा. तिन्ही ट्यूबवर हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता ठिपक्यांचा पॅटर्न लावा. मधल्या ठिपक्याचा इलेक्ट्रिकल फोकस हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. फोकसबाहेर गेल्यावर ठिपका गोल पसरायला हवा आणि त्याचा उजळ गाभा वलयाच्या मध्यावर राहायला हवा. अंडाकृती होत असेल किंवा धूमकेतूसारखं शेपूट येत असेल तर मानेवरची अ‍ॅस्टिगमॅटिझमची चुंबकं, काही यंत्रांत मेनूतली सेटिंग, त्याचसाठी आहेत. यात घाई करू नका. चित्राचा सगळा धारदारपणा इथेच ठरतो, नंतर कुठल्याही मेनूतून तो परत मिळत नाही.

मग भिंग. भिंगाच्या नळीवर सहसा दोन नट असतात, एक मध्यासाठी आणि एक कडांसाठी. आधी मध्य, मग कडा, परत मध्य, असं बदल थांबेपर्यंत. डावी कड स्पष्ट आणि उजवी धूसर असेल तर नट फिरवून उपयोग नाही. भिंगाचा बैठा कोन पडद्याशी जुळलेला नाही. भिंगाच्या पायाशी असलेल्या स्क्रूंनी तो किंचित कलवा. लाल आणि निळ्या भिंगांना हे जवळजवळ नेहमीच लागतं, कारण ती पडद्याकडे तिरपी पाहतात.

हिरव्याची भूमिती, मग जुळवणी

हिरवा हा पाया. क्रॉसहॅच (आडव्या-उभ्या रेघांची जाळी) लावा आणि पडद्यावर मधोमध एक उभा आणि एक आडवा दोरा ताणून बांधा. उभ्याला ओळंबा लावा. डोळा वाकड्या रेघेला पटकन सरावतो, दोरा सरावत नाही. आधी मधली आडवी रेघ सरळ करा, मग मधली उभी, मग माप, मग लिनिअॅरिटी म्हणजे चौकोन सगळीकडे सारखे, मग कीस्टोन (एका बाजूचा निमुळतेपणा), आणि शेवटी कडांचा पिनकुशन (कडांचं आत वाकणं). मापपट्टीने कोपऱ्यातला चौकोन आणि मधला चौकोन मोजून पाहा.

हिरवा मनासारखा झाला की त्याला हात लावायचा नाही. लाल चालू करा आणि हिरव्यावर आणा. बरोबर बसला की रेघ पिवळी होते. मधला छेद पहिला, मग मधल्या दोन रेघांची टोकं, मग कोपरे. ढोबळ कंट्रोल संपेपर्यंत बारीक झोनच्या (पडद्याच्या एकेका भागाच्या) कंट्रोलकडे जाऊ नका. ढोबळ चूक झोनने दाबायला गेलात तर रेघा नागमोडी होतात. लाल झाला की तो बंद करून निळा हिरव्यावर आणा, रेघ आकाशी होईल. शेवटी तिन्ही एकत्र, आणि रेघ पांढरी. बसण्याच्या जागेवरून पाहा. पडद्याला नाक लावून दिसणारा अर्ध्या रेघेचा फरक तिथून दिसत नाही.

मेमरीत साठवा. प्रत्येक सिग्नलची स्कॅन फ्रिक्वेन्सी वेगळी, म्हणून ५७६पीसाठी केलेली जुळवणी ७२०पीला लागू होत नाही. दोनच सिग्नल ठरवून घ्या आणि त्यांवरच मेहनत करा.

रंग

खोली पूर्ण अंधारी करा. काळा पॅटर्न लावून प्रत्येक ट्यूबचा जी२ हळूहळू वाढवा. रास्टर दिसतो न दिसतो इथपर्यंत आणा, मग तो नाहीसा होईल एवढा मागे घ्या. बऱ्याच मॉडेलांत याची वेगळी पद्धत आणि नेमकं व्होल्टेज मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पाळा. जी२ जास्त राहिला तर काळ्यात परतीच्या तिरक्या रेघा दिसतात.

मग ग्रेस्केल, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा. साधारण ३० टक्के करड्यावर बायस (अंधाऱ्या भागाचा रंगतोल), ८० टक्क्यांवर ड्राइव्ह (उजळ भागाचा), आणि परत ३० टक्के; एक बदललं की दुसरं थोडं हलतं, म्हणून दोन-चार फेऱ्या होतात. लक्ष्य डी६५, म्हणजे ६५०० केल्विनच्या जवळचा पांढरा, रंग मोजण्याच्या आकड्यांत एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९. एखादा साधा कलरीमीटर (रंग मोजणारं उपकरण) आणि एचसीएफआर हे मोफत सॉफ्टवेअर असलं की काम नेमकं होतं. मीटर नसेल तर कृष्णधवल चित्रपट लावा आणि अंधाऱ्या व उजळ भागांत कुठेही रंगाची झाक येते का ते पाहा. ही परीक्षा बरीच कडक आहे.

निळ्याचं प्रकरण वेगळं. निळा फॉस्फर झिंक सल्फाइडचा असतो आणि झोत वाढवत गेलं तरी त्याचा उजेड एका मर्यादेनंतर त्या प्रमाणात वाढत नाही. लाल आणि हिरवा वाढत राहतात, म्हणून प्रखर पांढरा पिवळट दिसू लागतो. उपाय असा की निळ्याचा इलेक्ट्रिकल फोकस जाणूनबुजून किंचित सोडायचा. ठिपका पसरतो, फॉस्फरच्या प्रत्येक कणावरचा भार कमी होतो आणि निळा जास्त उजेड देतो. निळ्यातला बारकावा डोळ्याला फारसा कळत नाही, त्यामुळे चित्र मऊ वाटत नाही. काही यंत्रांत निळ्या गॅमाची (सिग्नलप्रमाणे उजेड किती वाढतो त्याची) वेगळी सेटिंगही असते.

कॉन्ट्रास्ट शेवटी, आणि कमीच. पांढऱ्या खिडकीचा (काळ्यावर पांढरा चौकोन असलेला) पॅटर्न लावून वाढवत जा. खिडकीच्या कडा फुगायला लागल्या की तिथून मागे या. झोत जितका कमी तितकी ट्यूब जास्त वर्षं जाते. चित्रपटाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्यांनी आणि वाहिन्यांच्या कोपऱ्यातल्या लोगोंनी ट्यूबवर असमान झीज होते, म्हणून रोजच्या बातम्या या यंत्रावर पाहू नका. थांबवलेलं चित्र पाच मिनिटांहून जास्त ठेवू नका.

हवामान बदललं, विशेषतः पाऊस सुरू झाला आणि संपला, की तापलेल्या यंत्रावर क्रॉसहॅच लावून फक्त मधला छेद आणि चार कोपरे तपासा. सरकले असतील तर लाल आणि निळ्याचं सेंटरिंग थोडं हलवून परत साठवा. हिरवा तिथेच राहू द्या.